सातव्या फेरीतले नाव

२९ जून २०२४ ची रात्र. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता आणि आमच्या गल्लीत घराघरांतून एकाच समालोचकाचा आवाज येत होता. आमच्याही दिवाणखान्यात शेजारची दहाबारा मंडळी जमली होती. दक्षिण आफ्रिकेचा पाठलाग रंगात आला होता आणि चहाचा तिसरा घाणा कोणी टाकायचा यावरून स्वयंपाकघरात मौन होते. माझा भाचा तेवढा मागच्या खोलीत दार लोटून लॅपटॉपसमोर बसला होता. तो कॅनडात जन्मलेला, ओंटारिओत वाढलेला, सतरा वर्षांचा. सुट्टीत आजोळी आलेला. मांडीवर एक जाड वही. पडद्यावर कोणीतरी एक नाव उच्चारी, ते एका लांबलचक यादीत खाली जाऊन बसे, आणि हा वहीत काहीतरी खरडी.

"अरे, बाहेर फायनल चालू आहे," मी म्हणालो.

"इथेपण, मामा," तो म्हणाला. "सहावी राउंड आहे."

तो जे पाहत होता त्याला एनएचएलचा, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट म्हणतात. ही हॉकी बर्फावरची. आपल्याकडे ड्राफ्ट हा शब्द धनाकर्षाच्या अर्थाने बँकेत भेटतो. खेळाडूंच्या संदर्भात आपल्याला ठाऊक असतो तो आयपीएलचा लिलाव. दोहोंत मोठा फरक आहे. लिलावात खेळाडूची किंमत ठरते, ड्राफ्टमध्ये क्रम. जगभरातल्या अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांमधून लीगचे बत्तीस संघ एकेक नाव उचलतात. आदल्या हंगामात जे तळाशी होते त्यांना ढोबळमानाने आधी संधी. अशा सात फेऱ्या. पहिली फेरी एका संध्याकाळी, झगमगाटात, आईवडिलांच्या मिठ्या आणि छायाचित्रांसह. उरलेल्या सहा दुसऱ्या दिवशी, पाट्या टाकल्यासारख्या. शेवटी सव्वादोनशेच्या आसपास नावे होतात. नाव उचलले म्हणजे त्या संघाला त्या मुलावर काही काळापुरता हक्क मिळतो, एवढेच. सातव्या फेरीतल्या बहुतेक मुलांना त्या लीगच्या बर्फावर एकही सामना खेळायला मिळत नाही.

मग त्यांच्याविषयी वहीत लिहायचे काय? मी सामना सोडून तिथे टेकलो तो या कुतूहलाने. मराठी विषय शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला दुसऱ्याची वही दिसली की डोकावल्यावाचून राहवत नाही, हेही खरे.

वही इंग्रजीत होती. प्रत्येक पानावर एक नाव. भाच्याने पहिल्या पाच फेऱ्या मुद्दाम सोडून दिल्या होत्या. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात जन्मतारीख, उंची, वजन, कुठे खेळतो, आणि त्याखाली एकच ओळ. खालचा अर्धा भाग कोरा. मी विचारले, "गुणदोष कुठे आहेत?" तो म्हणाला, "दोष सगळ्यांना माहीत असतात, मामा. म्हणून तर तो सातव्या राउंडमध्ये आहे. मी फक्त एक गोष्ट लिहितो. त्याच्याकडे काय आहे, जे बाकीच्यांकडे नाही."

हे वाक्य मोडक्यातोडक्या मराठीत होते, आणि वीस वर्षांत मी ऐकलेल्या समीक्षाविषयक व्याख्यानांपैकी पुष्कळांपेक्षा मोलाचे होते. असो.

त्या रात्रीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो. या खेळाडू हेरणाऱ्यांना स्काउट म्हणतात. आपल्याकडे 'हेरणे' या क्रियापदात पाळत आणि पारख दोन्ही आहेत. स्काउटच्या धंद्यातही तसेच. गावोगावच्या थंड बर्फगृहांत बसायचे, पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे सामने पाहायचे आणि हा मुलगा तेविसाव्या वर्षी कसा असेल ते लिहायचे. साहित्याच्या समीक्षकापुढे निदान लिहून झालेली कविता असते. यांच्यापुढे असतो कच्चा खर्डा, तोही पंचेचाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या तुकड्यांत. कारण बर्फावरचा खेळाडू एका वेळी जेमतेम तेवढाच काळ खेळतो आणि दम घ्यायला बाकावर परततो. शिवाय मुलगा युरोपातला असला तर तिकडचे मैदान अमेरिकेतल्यापेक्षा दहा-पंधरा फूट रुंद असण्याची परंपरा आहे. म्हणजे स्वीडनमध्ये मोकळ्या जागेत सहज वळणारा मुलगा डेट्रॉइटच्या अरुंद बर्फावर, अंगावर धावून येणाऱ्या दोनशे पौंडांच्या माणसांत कसा वळेल, हेही कल्पनेनेच पाहायचे.

स्काउट पाहतात तरी काय? स्केटिंग, पक हाताळणे, फटका, अंगची ताकद, झुंजण्याची वृत्ती, आणि ज्याला ते 'हॉकी सेन्स' म्हणतात तो गुण. पहिल्या चार-पाच गोष्टी मोजता येतात किंवा निदान दाखवता येतात. शेवटचा गुण दाखवता येत नाही. तो मुलगा पकपाशी नसताना कुठे उभा आहे यावरून ओळखावा लागतो. आता गंमत अशी की शेवटच्या फेऱ्यांत सगळा प्रश्न एका भेदावर येऊन ठेपतो: या मुलात जे कमी आहे ते वयाने भरून येणारे आहे की नाही? वजन वाढते. पायांत बळ येते. पण दृष्टी अठराव्या वर्षी नसेल तर ती पुढे येईल यावर शहाणा स्काउट पैज लावत नाही. म्हणून शेवटच्या फेरीत ते लहान चणीचा पण खेळ ओळखणारा मुलगा घेतात. निदान घ्यावा असे म्हणतात. प्रत्यक्षात भीतीपोटी पुष्कळदा उंच मुलगाच घेतला जातो. उंची निदान मोजपट्टीवर दिसते. चूक झाली तर अहवालात लिहायला बरी पडते.

या भेदाचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पावेल दात्सुक. जन्म १९७८, तेव्हाचे स्वेर्दलोव्स्क, आताचे येकातेरिनबुर्ग. १९९६ आणि १९९७ या दोन्ही ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणीही घेतले नाही. हाकान अँडरसन हे डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाचे युरोपातले स्काउट. ते रशियात गेले होते ते दमित्री कालिनिन नावाच्या बचावपटूला पाहायला. कालिनिनला पाहता पाहता त्यांचे लक्ष समोरच्या संघातल्या एका बारकेल्या मुलाने खेचून घेतले. ते पुन्हा त्याला पाहायला निघाले तेव्हा विमानात दुसऱ्या एका संघाचा स्काउटही होता. पण हिमवादळामुळे विमान सुटलेच नाही, आणि तो दुसरा माणूस त्या गावाला पोचला नाही तो नाहीच. ही हकीकत अँडरसन यांनीच पुढे सांगितलेली आहे. १९९८ साली डेट्रॉइटने दात्सुकला सहाव्या फेरीत, १७१ व्या क्रमांकावर घेतले. कालिनिन त्याच वर्षी पहिल्या फेरीत, १८ व्या क्रमांकावर बफेलोकडे गेला, आणि तोही पुष्कळ वर्षे चांगला खेळला. दात्सुक मात्र ९५३ सामने खेळला, ९१८ गुण मिळवले, दोनदा स्टॅन्ली कप जिंकला, बचाव करणाऱ्या सर्वोत्तम आघाडीपटूचा मान तीनदा आणि सभ्य खेळाचा मान चारदा मिळवला. २०२४ मध्ये त्याला हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये घेतले गेले.

अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच 'रत्नपारखी' वगैरे शब्दांच्या आहारी जातो. मीही गेलो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो, तर त्याने पोह्यांवरून मान वर न करता विचारले, "मग १७१ पर्यंत का थांबले?"

याला उत्तर नाही, किंवा आहे ते अवघड आहे. डेट्रॉइटची त्या वर्षीची पहिली निवड होती २५ वी. त्यांनी जिरी फिशर हा बचावपटू घेतला. त्यानंतरही अनेक नावे घेतली आणि मग दात्सुक. पुढच्या वर्षीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९९९ साली डेट्रॉइटची पहिली निवडच १२० व्या क्रमांकावर होती. आधीच्या निवडी त्यांनी सौद्यांत देऊन टाकल्या होत्या. त्या १२० व्या क्रमांकावर त्यांनी यारी टोल्सा नावाचा मुलगा घेतला. त्यानंतर आणखी दोघे. आणि मग, २१० व्या क्रमांकावर, हेन्रिक झेटरबर्ग. तिम्रो या स्वीडिश संघातला लहानखुरा मुलगा, आणि त्यालाही त्यांनी पाहिले ते दुसऱ्याच कुणाला पाहायला गेले असताना. झेटरबर्ग पुढे डेट्रॉइटचा कर्णधार झाला. २००८ च्या अंतिम स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १०८२ सामन्यांत त्याने ९६० गुण केले. टोल्सा एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

म्हणजे ज्यांनी झेटरबर्ग 'शोधला' असे आपण म्हणतो त्यांनीच त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याला तीनदा बाजूला ठेवले होते. त्याच्यात काय दडले आहे हे त्यांना कळले असते तर ते २१० पर्यंत थांबण्याचा जुगार कशाला खेळते? कोणीही मधे उचलला असता. इथे कुणी म्हणेल, त्यांना ठाऊक होते की इतरांनी त्याला पाहिलेलाच नाही, म्हणून ते निर्धास्त होते. दात्सुकच्या बाबतीत हे थोडेफार खरेही असेल. पण एवढ्या निर्धास्तपणासाठी लागणारी खात्री आणि 'हा महान होणार' ही खात्री एका माणसाच्या ठायी एकत्र नांदू शकतात असे मला वाटत नाही. मोठे घबाड हाती लागणार असेल तर माणूस रांगेत शेवटी उभा राहत नाही.

मग त्यांचे श्रेय कशात? माझ्या समजुतीप्रमाणे, ओळखण्यात कमी आणि थांबण्यात अधिक. दात्सुक १९९८ ला निवडला गेला तो डेट्रॉइटला आला २००१ मध्ये. झेटरबर्ग १९९९ चा, आला २००२ मध्ये. मधली तीन तीन वर्षे ते आपापल्या देशात, आपापल्या संघांत, आपली भाषा बोलत वाढत होते. डेट्रॉइटला त्यांची घाई नव्हती; पहिल्या फेरीतल्या मुलाच्या बाबतीत अशी सवड क्वचित मिळते, कारण तो मालकाला, वर्तमानपत्रांना आणि तिकीट काढणाऱ्यांना दाखवायचा असतो. सातव्या फेरीतल्या मुलाची वाट कोणी पाहत नसते. त्याच्या विसरले जाण्यातच त्याचे शिक्षण होते.

याच चौकटीतली आणखी एक जोडी भाच्याच्या वहीच्या पहिल्या पानावर होती, बोधवाक्यासारखी. योएल आणि हेन्रिक लुंडक्विस्ट हे जुळे भाऊ. जन्मतारीख एक, घर एक, बर्फ एक. २००० च्या ड्राफ्टमध्ये योएलला डॅलसने तिसऱ्या फेरीत ६८ व्या क्रमांकावर घेतले. गोलरक्षक हेन्रिकला न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या फेरीत २०५ व्या क्रमांकावर. योएल एनएचएलमध्ये १३४ सामने खेळला आणि मायदेशी परतला. तिथे मोठा मान मिळवून राहिला. हेन्रिक ८८७ सामने खेळला आणि त्यातले ४५९ जिंकले. जुळ्यांवर प्रयोग करण्याची शास्त्रज्ञांना हौस असते. त्यांनी हा प्रयोग ठरवून केला असता तरी इतका नेटका झाला नसता. अर्थात यावरून स्काउट मूर्ख ठरत नाहीत. गोलरक्षक उशिरा पिकतो हे त्यांना ठाऊक असते. म्हणूनच ते त्याला खाली ढकलतात. योएलविषयी त्यांनी बांधलेला अंदाजही काही खोटा नव्हता. हेन्रिकविषयी त्यांनी अंदाजच बांधला नव्हता, इतकेच.

आणि कधी कधी अंदाज बरोबर असतो, पण खेळच चुकतो. १९८४ साली लॉस एंजेलिस किंग्जने चौथ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर टॉम ग्लाविन नावाचा मुलगा घेतला. तो हॉकी सोडून बेसबॉलकडे गेला आणि तिथे ३०५ सामने जिंकणारा गोलंदाज म्हणून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला. त्याच संघाने त्याच दिवशी नवव्या फेरीत ल्यूक रोबिताय घेतला (योगायोगाने हाही १७१ वा). त्याचे स्केटिंग मंद आहे असे सगळ्यांचे मत होते. ते मत बरोबर होते; तो पुढेही कधी वाऱ्यासारखा धावला नाही. पण त्याने ६६८ गोल केले. म्हणजे दोष वयाने भरून येतो की नाही हा जो भेद मी वर एवढ्या गंभीरपणे मांडला, तो इथे कोलमडतो. दोष तसाच राहिला आणि त्याच्या बाजूने वाट काढून गुण पुढे गेला.

भाच्याला या सगळ्यात सर्वाधिक आवडणारी गोष्ट आहे तारो त्सुजिमोतोची. १९७४ चा ड्राफ्ट प्रतिस्पर्धी लीगच्या धास्तीने दूरध्वनीवरून, गुपचूप घेतला जात होता आणि तो कंटाळवाणेपणाने लांबत चालला होता. बफेलोचे व्यवस्थापक पंच इमलॅक वैतागले. अकराव्या फेरीत, १८३ व्या क्रमांकावर, त्यांनी टोकियो कटानाज संघाचा तारो त्सुजिमोतो हा खेळाडू निवडल्याचे जाहीर केले. असा खेळाडूच नव्हता. असा संघही नव्हता. लीगने नाव मुकाट्याने नोंदवून घेतले, आणि खुलासा झाल्यावर ती निवड अवैध ठरवली. मला यात विनोदापलीकडे काही दिसते. शेवटच्या फेऱ्यांत नाव घेणारा आणि नोंदवणारा, दोघेही त्या नावामागे माणूस आहे की नाही हे तपासण्याच्या मनःस्थितीत नव्हते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या वीस-पंचवीस उत्तरपत्रिका रात्री साडेअकराला तपासणाऱ्या कुणालाही ही मनःस्थिती परकी वाटू नये.

हे सगळे जुन्या काळचे, आता चित्रफितींच्या आणि आकडेवारीच्या काळात कोणी लपून राहत नाही, असा आक्षेप मी भाच्याजवळ घेतला. त्याने किरिल काप्रिझोवचे नाव सांगितले. २०१५ ची पाचवी फेरी, १३५ वा क्रमांक, मिनेसोटा. लहान चण, आणि रशियातून कधी येईल याचा भरवसा नाही. तो आला २०२० मध्ये. या मुलाला मिनेसोटाने २०२५ च्या सप्टेंबरात आठ वर्षांसाठी १३.६ कोटी डॉलरचा करार दिला, लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वात मोठा. २०१५ साली त्याच्या चित्रफिती काही कमी नव्हत्या. पाहणे आणि दिसणे यांत जे अंतर असते ते यंत्राने कमी होत नाही.

वहीतल्या जन्मतारखांचे कारण मात्र मला उशिरा कळले. कॅनडात मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, आणि आठव्या-नवव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे निम्म्या डोक्याची उंची. मोठा दिसतो तो गुणी ठरतो, गुणी ठरतो त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग तो खरोखरच गुणी होतो. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात पुढची पायरी आहे: वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले ड्राफ्टमध्ये त्यांच्या लायकीपेक्षा खाली निवडली जातात, पुढे त्यांची कामगिरी त्यांच्या क्रमांकापेक्षा सरस निघते. दात्सुक जुलैचा, झेटरबर्ग ऑक्टोबरचा. (रोबिताय फेब्रुवारीचा आणि लुंडक्विस्ट मार्चचे, हेही सांगायला हवे, नियमाला आपल्या सोयीची उदाहरणे देऊन मोकळे होण्याची खोड आम्हा मास्तरांना फार.)

माझा भाचा नोव्हेंबरचा आहे. पंधराव्या वर्षी त्याला संघातून वगळले. ताईने फोनवर सांगितले होते. मी तेव्हा "अभ्यासाकडे लक्ष दे म्हणावं" असे काहीसे म्हणालो होतो. त्या दिवसापासून तो खेळला नाही. वही सुरू झाली ती त्याच हिवाळ्यात.

त्याने मला हे सांगितले नाही. मी वहीच्या पहिल्या पानावरची तारीख पाहिली.

आता माझ्या एका निवडीविषयी लिहिणे भाग आहे. २०११ साली मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम पाहत होतो. कथा-कवितांचा गठ्ठा मोठा, पाने थोडी. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने कथा दिली होती. रेघांच्या वहीतले फाडलेले कागद, निळी शाई, परिच्छेद नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. संपूर्ण कथा पिठाच्या गिरणीपुढच्या रांगेत घडते. वीज गेली आहे. दोन बायका डबे खाली ठेवून बोलत आहेत: ज्वारीच्या भावाविषयी, गिरणीवाल्याच्या नव्या पट्ट्याविषयी, पावसाविषयी. त्यांतल्या एकीची मुलगी सासरहून परत आली आहे, आणि त्याविषयी दोघी एक अक्षर बोलत नाहीत. वीज येते, दळण होते, आणि दुसरी बाई आपला नंबर आधी असताना म्हणते, "तुमचं घ्या आधी. आता तुमच्याकडं खाणारं माणूस वाढलं." कथा संपते.

मी त्या कागदांवर लाल शाईने त्रेचाळीस वर्तुळे काढली. मोजली होती म्हणून आकडा लक्षात आहे. खाली लिहिले, 'निरीक्षण बरे. भाषेकडे लक्ष द्यावे. पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.' आणि कागद परत केले. त्या वर्षीच्या अंकात जी कथा घेतली ती निर्दोष होती. एका प्राध्यापकाच्या मुलाची. सुरुवात, मध्य, शेवट, सगळे जागच्या जागी. ती कथा मला आज आठवत नाही.

मला त्या मुलीच्या कथेचे मोल कळले नव्हते असे म्हणता येत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. 'निरीक्षण बरे' हे शब्द मीच लिहिले आहेत. जे न बोलले जाणारे आहे त्याच्या आसपास ती आधीच जाऊन उभी राहिली होती. स्काउटांच्या भाषेत सांगायचे तर पकपाशी नसताना कुठे उभे राहावे हे तिला कळत होते. शुद्धलेखन सहा महिन्यांत भरून येणारी गोष्ट. ते दुसरे कोणी शिकवू शकत नाही. मी भरून येणाऱ्या गोष्टीची वर्तुळे मोजली आणि न शिकवता येणाऱ्या गोष्टीला 'बरे' म्हटले. स्काउटने निदान सातव्या फेरीत तिचे नाव घेतले असते. त्याला खर्च काय? अंकाची अडीच पाने.

पुढल्या वर्षी तिने काही दिले नाही. मी विचारलेही नाही.

इथे एक शंका मला छळते, ती नोंदवतो. आज मी तिच्या कथेविषयी जे बोलतो आहे ते दात्सुकच्या गोष्टीसारखेच उलट्या दिशेने सांगितलेले नसेल कशावरून? फरक एवढाच की दात्सुकच्या मागे ९५३ सामने उभे आहेत आणि हिच्या मागे काहीच नाही. कदाचित ती एकच कथा तिच्यात होती. शेवटच्या फेरीतली बहुतेक मुले खेळत नाहीत, हे मीच वर लिहिले आहे. शक्यता तिच्या बाजूने नव्हती. पण सातव्या फेरीत शक्यता कुणाच्याच बाजूने नसते. तरीही नावे घेतली जातात, कारण न घेतलेल्या नावाबाबत चूक झाली की नाही हेसुद्धा कधी कळत नाही. माझी चूक झाली असेल तर तिचा पुरावाही माझ्याच लाल शाईने नाहीसा केला आहे.

त्या रात्री भारत सात धावांनी जिंकला. बाहेर फटाके सुरू झाले, कोणीतरी आमच्या दारावर थापा मारून पेढा देऊन गेले. भाच्याने एका कानातले यंत्र काढून "जिंकलो?" असे विचारले आणि पुन्हा बसवले. मध्यरात्र उलटल्यावर सातव्या फेरीत त्याला हवे होते ते नाव आले. मी ते नाव इथे देत नाही. अठरा वर्षांच्या मुलावर लांबून कोणीतरी अपेक्षेचे ओझे टाकावे असे वाटत नाही. भाच्याने मला त्या मुलाची दोन मिनिटांची चित्रफीत दाखवली. मला काही दिसले नाही. बर्फ, दहा माणसे, एक काळा ठिपका.

"ठिपका नको बघू," तो म्हणाला. "त्याला बघ. तो पास येण्याच्या आधी दोनदा मागे बघतो. बघितलं?"

तिसऱ्यांदा लावल्यावर मला दिसले. मुलगा पळता पळता डाव्या खांद्यावरून मागे पाहतो, मग उजव्या. आणि पक त्याच्या काठीला लागतो तेव्हा कुठे पाठवायचा हे त्याचे ठरलेले असते. वहीत ओळ पडली: 'आधी बघतो.' ही एवढीच ओळ त्याने मराठीत लिहिली, वेड्यावाकड्या देवनागरीत. 'घ' चा 'ध' झाला होता. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला, हे कबूल केले पाहिजे.

"खालचा अर्धा भाग कोरा कशाला?" मी विचारले.

"पाच वर्षांनी लिहिणार. मी काय मिस केलं ते."

तो जुलैत परत गेला. मी महाविद्यालयाच्या कार्यालयातून जुन्या नोंदवहीतला तिचा पत्ता काढून घेतला. गाव फार लांब नाही, पण तेरा वर्षांत माणूस त्याच पत्त्यावर असेल असे नाही. तरी पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे झाले. तिन्हींत पहिल्या वाक्यातच शुद्धलेखनाचा विषय निघतो.